डॉक्टर कार्तिकला दुसरा नमुना का सुचत नाही?

माझी आई 31 वर्षे एका जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. निवृत्तीनंतर तिला संध्याकाळच्या मालिकांची गोडी लागली आणि तिच्या शेजारी बसता बसता मलाही. स्टार प्रवाहवर 2019 ते 2023 या काळात ‘रंग माझा वेगळा’ सुरू होती. स्वतः डॉक्टर असलेला कार्तिक, आपल्या चाचणीच्या एका अहवालावर विसंबून, बायको दीपाच्या पोटातली मुले आपली नाहीत असे मानून संसार मोडतो आणि तो संशय वर्षानुवर्षे उराशी बाळगतो, हे पाहताना आई बेचैन होत असे. “अगं, शंका आली की नमुना पुन्हा घेतात. आमच्याकडे शिपायालासुद्धा ठाऊक होतं हे,” असे ती म्हणायची. तिच्या या एका वाक्यापाशी मी बराच काळ अडकले आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मालिकेत काही अचाट घडले की आपण लगेच ‘असे कुठे असते का’ म्हणतो. मला स्वतःला अचाट घटनांचे वावडे नाही. झी मराठीवर 2016 साली आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये भुताखेताची सावली प्रत्येक भागावर होती, तरी मला ते घर खरे वाटले. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा तो वाडा, अण्णांच्या मृत्यूनंतर एकत्र जमलेली भावंडे, जमिनीच्या वाटणीवरून एकमेकांकडे बघण्याची त्यांची तऱ्हा आणि तोंडातली मालवणी, हे सगळे इतके नेमके होते की त्या माणसांना भूत दिसले असे कुणी सांगितले असते, तरी मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला असता. कार्तिकच्या घरात भूत नाही, पण तिथे एक डॉक्टर कथानक पुढे रेटण्यासाठी आपले वैद्यकशास्त्र विसरतो. माझा विश्वास उडतो तो इथे.

हीच अडचण ‘ठरलं तर मग’मध्येही आहे. सायली हीच हरवलेली मुलगी तन्वी आहे हे प्रेक्षकाला माहीत असते, तिच्या जागी प्रिया तन्वी म्हणून तिच्या आईवडिलांच्या घरात वावरते आणि नायक अर्जुन पेशाने वकील आहे. पुरावा म्हणजे काय, हे ज्याला रोज न्यायालयात सांगावे लागते, त्याच्या अवतीभवती इतके मोठे खोटे इतका काळ टिकावे, यासाठी काहीतरी सबळ कारण द्यायला हवे. तसे कारण मिळाले असते, तर मी ती ओळख आणखी दोन वर्षे लपलेली आनंदाने पाहिली असती.

आणि कारणे खरोखर असतात. आपल्याकडे डीएनए चाचणी ही मालिकांच्या प्रेक्षकांना वाटते तितकी सरळ गोष्ट नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 112 असे सांगत असे की वैध विवाहाच्या काळात जन्मलेले मूल हे पतीचेच मानले जाईल. गर्भधारणा झाली असेल त्या काळात पतिपत्नींचा परस्परांशी संबंध येणे शक्यच नव्हते, असे सिद्ध झाले तरच हे गृहीतक ढळते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम 116 म्हणून ही तरतूद कायम आहे. पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये मुलाची चाचणी करण्यास नकार दिला, कारण आईवडिलांच्या भांडणात मुलाच्या पितृत्वालाच ओढून आणणे न्यायालयाला मान्य नव्हते. एका बापाला सत्य हवे आहे, कायदा त्याला सांगतो की तुझ्या संशयापेक्षा या मुलाची प्रतिष्ठा मोठी आहे, आणि ते मूल शेजारच्या खोलीत गृहपाठ करते आहे. यावर किती महिने मालिका चालू शकेल, याचा विचार करून पाहावा.

लेखकांच्या मानेवर काय ओझे असते, याची मला जाणीव आहे. एक भाग साधारण 22 मिनिटांचा धरला आणि आठवड्याचे सहा भाग धरले, तर दर आठवड्याला 132 मिनिटे, म्हणजे जवळजवळ एका चित्रपटाइतका मजकूर लिहून, चित्रित करून, संकलित करून द्यावा लागतो. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि गुरुवारी टीआरपी आला की ठरलेला ट्रॅक बदलतो. अशा घाईत रहस्य लांबवण्याचा स्वस्तातला उपाय म्हणजे पात्राला काही काळ अज्ञानी करून टाकणे. तरीही एखाद्या परिचारिकेला, कारकुनाला किंवा तालुक्याच्या न्यायालयातल्या वकिलाला एक फोन करायला अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासातून महिनाभराचे कथानक निघू शकते, असे मला मनापासून वाटते.

‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती घटस्फोटानंतरही देशमुखांच्या घरी जात राहते, तेव्हा अनेकांना ते पटले नव्हते. माझ्या मावशीला मात्र ते पटले. घटस्फोटानंतर तीही सासूच्या आजारपणात त्या घरी डबा पोहोचवत होती, आणि का, असे विचारले तर “नवऱ्याशी नातं तुटलं, त्यांच्याशी कुठे तुटलं?” असे म्हणत होती. तिथे अरुंधतीला काहीही विसरावे लागले नव्हते. सगळे लक्षात ठेवूनच ती उंबरठा ओलांडत होती.

आईला मी एकदा विचारले, कार्तिकने दुसरा नमुना दिला असता तर मालिका तिथेच संपली नसती का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितले की प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिने कितीतरी जणांच्या हातात अहवाल दिले होते, आणि सगळे ठीक असल्याचे वाचूनही कागद परत परत उलटून पाहणारी माणसे तिला अजून आठवतात.