बघ्यांची बाजू घेणाऱ्या वाचकास

मला रस्त्यात मारलं तेव्हा आजूबाजूचे लोक नुसते बघत राहिले, यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पण त्यातल्या एका वाक्याने दिवसभर डोकं भणभणत होतं, म्हणून हे उत्तर. तुम्ही लिहिलंत, "मारलं एका माणसाने, बघ्यांना धीर झाला नाही एवढ्यावर लेख लिहिणं म्हणजे सहानुभूती उकळणं."

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगते. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीजचा खून होत असताना ३८ जण नुसते बघत राहिले, ही मी लेखात दिलेली बातमी फुगवलेली होती. तसा खुलासा लेखात जोडते.

आता ते वाक्य. समोर बसून हे मला म्हणाला असतात? टोपणनावाआडून शब्द फार स्वस्त होतात.

मला भर दुपारी, वर्दळीच्या रस्त्यावर मारलं. मारणाऱ्याचा चेहरा आज नीट आठवतही नाही. आठवतात ते बाकीचे. एका बाईने मुलाचं तोंड पोटाशी दाबून धरलं. एक गृहस्थ माझी पडलेली पिशवी जपून ओलांडून गेले, पाय लागू नये म्हणून. पुढे कित्येक महिने माझी झोप या माणसांनी उडवली. मला गुंडासारख्या दिसणाऱ्यांची भीती वाटत नव्हती. सभ्य, नीटनेटक्या, घाईत असलेल्या माणसांची वाटायची. रांगेत उभं राहवत नव्हतं, बसायचं तर पाठ भिंतीला लावून. गुंडाकडून आपली काही अपेक्षाच नसते. ज्यांच्याकडून असते ते हलले नाहीत, की मन एकच अर्थ काढतं: आपण वाचवण्याच्या लायकीचेच नव्हतो. आघातानंतर माणसांचा आधार न मिळणं हे त्रास लांबण्याचं मोठं कारण असतं, हे संशोधनात वारंवार दिसलेलं आहे. समुपदेशक बाईंबरोबर मारापेक्षा जास्त काम मला याच विचारावर करावं लागलं.

त्यात डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग उपयोगी पडला. इंटरकॉमवर कुणाला तरी फिट आल्याचे आवाज. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तेव्हा ८५ टक्के लोक मदतीला उठले, आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. म्हणजे बघ्यांना समजून घेण्याचा प्रयत्न मी केला आहे, आणि तो मला फार जड गेला आहे. तुम्ही तो हुकूम म्हणून सांगू नका.

२०१९ च्या सीसीटीव्ही अभ्यासाचा दाखलाही दिलात, की रस्त्यावरच्या दहा भांडणांपैकी नवांत कुणीतरी मध्ये पडतंच. खरं आहे. उरलेल्या एकातल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल, याचा विचार केलात?

कायदा, स्वसंरक्षणाचे वर्ग, सकारात्मक विचार यांवर मी बोलणार नाही. लेख त्याबद्दल नव्हता.

आणि धीराचं म्हणाल, तर मारणाऱ्याला कुणी अडवायला हवं होतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तो निघून गेल्यावर कुणीतरी शेजारी येऊन बसायला हवं होतं, एवढंच लिहिलं होतं. त्याला कसला धीर लागतो? लेख पुन्हा वाचा. मग लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, पण भाषा सांभाळून.