‘बीपी खानदानी असतं, हवेचा काय संबंध?’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

हिवाळ्यात हवा बिघडल्याच्या बातम्या सुरू झाल्या की एक मेसेज फॅमिली ग्रुपवर हमखास येतो. त्याचा आशय असा: बीपी खानदानी असतं, आईवडिलांना असेल तर तुम्हाला होणारच. प्रदूषणाने बिघडतात ती फुफ्फुसं, बीपी नाही. आपल्याला या हवेची सवय आहे. तरीही भीती वाटत असेल तर घरात प्युरिफायर लावा आणि गोळ्या बंद करा. यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून हे उत्तर.

‘आईवडिलांना आहे म्हणजे होणारच.’ घरात बीपी असेल तर धोका वाढतो, हे खरं. पण ‘होणारच’ हे खरं नाही. बीपीची आनुवंशिकता साधारण 30 ते 50 टक्के मानली जाते आणि या आकड्याचा अर्थ बहुतेक जण चुकीचा लावतात. ‘माझं निम्मं बीपी आईवडिलांकडून आलं’ असा तो अर्थ नाही. एखाद्या समाजात माणसामाणसांच्या बीपीत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांतल्या फरकाचा, एवढंच तो सांगतो. खाणं, वजन, हवा बदलली की हा आकडाही बदलतो.

एकाच जनुकातल्या दोषाने बीपी वाढवणारे आजार आहेत. उदाहरणार्थ, लिडल सिंड्रोममध्ये मूत्रपिंड मीठ बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतं. पण असे आजार अगदी दुर्मीळ. बाकीच्यांत शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो. सुमारे 10 लाख लोकांवरच्या 2018 सालच्या अभ्यासात जनुकसंचातल्या बीपीशी जोडलेल्या अशा 900 हून अधिक जागा मोजल्या गेल्या आणि बहुतेक जागांचा परिणाम एका मिलिमीटरपेक्षाही (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) कमी निघाला. केनियातले लुओ लोक गावाकडून नैरोबीत राहायला आले, तेव्हा काही महिन्यांतच त्यांचं बीपी गावाकडच्यांपेक्षा जास्त भरू लागलं. वजन वाढलं होतं, खाण्यातलं मीठ वाढलं होतं. जनुकं मात्र तीच होती.

‘प्रदूषण फक्त फुफ्फुसांना बाधतं.’ मेसेजमधलं हे सगळ्यात चुकीचं विधान. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. ते नाकात अडकत नाहीत, थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचतात. तिथून पुढे बीपी वाढण्याचे निदान तीन मार्ग आहेत. पहिला चेतासंस्थेचा: श्वासमार्गातल्या नसांना चिथावणी मिळते, शरीर सावध अवस्थेत जातं, रक्तवाहिन्या आवळतात. हे काही मिनिटांत घडतं. दुसरा मार्ग दाहाचा: फुफ्फुसात सुरू झालेला दाह रक्तातून सगळीकडे पसरतो, याला तास ते दिवस लागतात. तिसरा रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा: वाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर भिंती ताठर होतात.

अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये झालेला एक प्रयोग इथे नीट पाहण्यासारखा आहे. 2023 साली तो प्रसिद्ध झाला. 22 ते 45 वयाच्या 16 जणांना गर्दीच्या वेळी गाडीतून शहरात फिरवलं, प्रत्येकाला तीनदा. दोन फेऱ्यांत रस्त्यावरची हवा तशीच आत येत होती, एका फेरीत ती हेपा फिल्टरमधून (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीतून) गाळली जात होती. कोणत्या फेरीत फिल्टर आहे, हे बसणाऱ्याला माहीत नव्हतं. फिल्टरने 86 टक्के कण अडवले. न गाळलेल्या हवेत बीपी गाळलेल्या हवेच्या तुलनेत साडेचार मिलिमीटरहून अधिक चढलं, तासाभरात टोकाला गेलं आणि दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच होतं. माणसं तीच, म्हणजे जनुकंही तीच. बदलली होती फक्त हवा. आणि सिअ‍ॅटलची हवा आपल्या मुंबई-पुण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. दिल्लीतल्या प्रौढांच्या काही वर्षं नोंदी ठेवून केलेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही जास्त धूलिकणांत राहणाऱ्यांमध्ये वरचं बीपी जास्त आणि नव्याने बीपी जडण्याचा धोकाही जास्त आढळला.

चार-पाच मिलिमीटरने काय होतं, असं वाटेल. मध्यमवयात वरचं बीपी कायम 2 मिलिमीटरने कमी राहिलं तरी पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे 10 टक्क्यांनी कमी होतात. अख्खं शहर तीच हवा घेतं, तेव्हा हा हिशोब मोठा होतो.

‘आपल्याला सवय झालीय.’ सवय घशाला होते, रक्तवाहिन्यांना नाही. शिवाय आपला एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) 100 दाखवून ‘समाधानकारक’ म्हणतो, तेव्हा पीएम 2.5 हे 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा 15 आहे, म्हणजे चौपट.

मग जनुकं की हवा? दोन्ही. घराण्याचा धोका आणि हवेचा धोका एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते. म्हणून ज्यांच्या घरात बीपी आहे त्यांनी हवेकडे जास्त लक्ष द्यायला हवं. मेसेज नेमकं उलटं सांगतो.

आता प्युरिफायर. तो उपयोगी आहे, पण खोलीच्या मानाने घेतला तरच. 12 बाय 10 ची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे 1200 घनफूट, साधारण 34 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर (म्हणजे ते किती स्वच्छ हवा देतं, तो आकडा) ताशी 170 घनमीटर तरी हवा. खिडकी उघडी ठेवून तो चालवणं म्हणजे वीज वाया घालवणं. त्याच खोलीत डासांची कॉइल लावली तर सगळंच मुसळ केरात: मोजमापात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींएवढे सूक्ष्म कण निघालेले आढळलेत. मास्क एन 95, कडेने फट न राहणारा. कापडी मास्क या कणांना फारसा अडवत नाही. थंडीत पहाटे गार हवेचा थर धूर जमिनीलगत दाबून ठेवतो, तेव्हा चालायला उन्हं चढल्यावर जा आणि हमरस्ता टाळा. चालणं बंद मात्र करू नका.

आणि गोळ्या. प्युरिफायरने मिळते ती काही मिलिमीटरची घट. ती गोळीची जागा घेत नाही, तशीच मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आणण्याचीही नाही. बीपी घरी मोजा: दंडावरचा पट्टा, मापाचा (छोटा पट्टा आकडा फुगवतो). आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा. सात दिवस नोंदवा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती 135/85 किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. थंडीनेही वाहिन्या आकसतात, त्यामुळे डिसेंबरात वाढलेला आकडा एकट्या हवेच्या माथी मारू नका. आणि मार्चमध्ये आकडे खाली आले तरी डोस कमी करायचा की नाही, हे ती वही पाहून डॉक्टरच ठरवतील.