सामाजिक उद्योग आपल्याला नवा नाही

निपाणी-बेळगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय: सामाजिक उद्योग, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी चालवलेला धंदा, ही बंगळूर-पुण्याची नवी कल्पना, आपल्या सोसायट्या म्हणजे नुसतं राजकारण, आणि सोशल स्टॉक एक्सचेंज (सामाजिक संस्थांना पैसा उभारता यावा म्हणून शेअर बाजारात काढलेला विभाग) आल्यामुळे भांडवलाची चिंता मिटली. तिन्ही दावे मला पटत नाहीत.

नवी कल्पना? 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि 1905 मध्ये कणगिनहाळला शेतकऱ्यांची सोसायटी उभी राहिली. ते गाव आज गदग जिल्ह्यात आहे. तेव्हा ते आपल्यासारखंच मुंबई इलाख्यात होतं. पतपुरवठा हा धंदा, सावकाराच्या व्याजातून सुटका हा हेतू. सामाजिक उद्योग याहून वेगळा काय असतो?

राजकारण आहे, हे खरं. कारखान्याच्या आणि बँकेच्या निवडणुकांत गावं दुभंगतात. पण एका सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर्स कितीही असोत. वार्षिक सभेला न जाता घरी बसून संस्थेला नावं ठेवणं मला मान्य नाही.

तिसरा दावा मात्र घातक आहे, कारण त्यावर विसंबून लोक गप्प बसतील. ना-नफा संस्थेला एक्सचेंजवर नोंदणीसाठी निदान तीन वर्षांचं वय आणि वर्षाला 50 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. आमच्या बायकांचा कुठला गट तिथवर पोचेल? शिवाय अशा संस्थांसाठी जे मुख्य रोखे आहेत, त्यांत ना व्याज, ना मुद्दल परत. म्हणजे ती देणगीच.

कोल्हापुरी चप्पल घ्या. 2019 चं भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल, असा हक्क) महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात बेळगाव आहे. अथणी-निपाणीकडच्या घरांत चपलेच्या चामड्याची वेणी घालण्याचं काम बहुतेक बायकाच करतात. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमुळे या चपलेचं नाव जगभर गाजलं. पण पावसाळ्यात चामडं वाळत नाही, गिऱ्हाईकही नसतं. त्या महिन्यांत कारागीर व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि पुढचा माल त्याच्याच भावानं देतो. ही गाठ मानांकनानं सुटत नाही, एक्सचेंजनं तर नाहीच. बचत गट, सोसायटी किंवा कारागिरांची उत्पादक कंपनी (कारागीरच जिचे मालक असतात) यांच्यामार्फत बँकेचं कर्ज मिळालं, तर सुटू शकते.

म्हणून मागायचं ते हे: पावसाळ्यापुरतं खेळतं भांडवल, कमी व्याजानं, आणि अर्ज मराठीतही.