मेलेल्या माणसाची तारीख

पणजोबा कधी वारले ते शोधायला पालिकेत गेलो, तर खिडकीतला माणूस विचारतो, "मृत्यूची तारीख काय?" अहो, ती माहीत असती तर अर्धी रजा टाकून तुमच्या दारात कशाला तडमडलो असतो?

पणजोबा रत्नागिरीकडचे. बोटीने मुंबईला आले, परळला गिरणीत साचे चालवले, इथेच गेले. आत्या सांगते, गोदीत स्फोट झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. स्फोट १४ एप्रिल १९४४चा. म्हणजे ते साल, फार तर १९४५. "दोन वर्षं? मग शोध फी दोनदा. आणि घरी गेले की हॉस्पिटलात? जिथे मृत्यू, त्या वॉर्ड ऑफिसात नोंद." बरं.

"कशाला हवंय? वारस? जात पडताळणी? म्हाडा?"

"नाही, मला फक्त जाणून घ्यायचंय."

त्याने चष्म्यावरून असं पाहिलं की बाजूच्या मॅडमनी डबा उघडायचा थांबवला. कोर्ट नाही, जमीन नाही, दाखला नाही, मग पणजोबा हवेतच कशाला? हा प्रश्न चौथ्यांदा ऐकतोय. पूर्वज शोधायलासुद्धा या शहरात काहीतरी फायदा दाखवावा लागतो!

तिसऱ्या खेपेला रजिस्टर निघालं. पानं हात लावला की भुगा. इंग्रजीत लिहिलंय, 'धोंडू रामजी, मिलहँड, वय सुमारे ४०, ताप'. आडनाव नाही, गाव नाही. त्याच पावसाळ्यात आणखी दोन धोंडू रामजी. यातला माझा कुठला? लिहिणाऱ्याला काय, घाटावरचा की कोकणातला, कामगार मेला, ओळ भरली.

मग गावी गेलो. जमिनीच्या वारसनोंदीचा फेरफार मोडी लिपीत! "वाचणारा तुम्हीच आणा." २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी शिंदे समितीला कुणबी नोंदी हव्या होत्या तेव्हा बरे मोडीवाले सापडले. मला नुसता पणजोबा हवाय, म्हणून मोडीवाला स्वखर्चाने. एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिलं: धोंडू बिन रामजी मयत, वारस दोन मुलगे अज्ञान, अ.पा.क. आई लक्ष्मी.

अज्ञान पालन कर्ता. पणजीची सगळ्या दप्तरांत मिळून एवढीच एक ओळ, तीही मुलं लहान होती म्हणून. मोठी असती तर तेवढीही नाही. आणि 'लक्ष्मी' तरी तिचं कुठे? ते लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. तांदूळ सारखे केले आणि माहेरचं नाव गेलं. आत्याला विचारलं, तर म्हणते, "माहेरी काहीतरी दुसरं म्हणायचे रे. खाडीपलीकडची होती." काहीतरी दुसरं! कुठल्या खिडकीत जाऊन विचारू?

तरी परवा पुन्हा गेलो, म्हटलं तिन्ही धोंडूंचे उतारे घेऊन ठेवू, पुढचं पुढे. फॉर्मवर नातं लिहिलं 'पणतू'.

"पणतू चालत नाही. वडिलांना घेऊन या."

"वडील वारले."

"मग त्यांचा मृत्यूचा दाखला जोडा."

तो आहे. आडनावासकट.