कडुनिंबाखालची सिटी माझी आहे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. कडुनिंबाखाली उभी असलेली माझी गाडी, कव्हरवर पाला पडलेला, एक कोपरा वाऱ्याने वर गेलेला. खाली मजकूर : "ही भंगार गाडी कोणाची? विनाकारण जागा अडवून राहिली. मालकाने उचलावी, नाहीतर भंगारवाल्याला बोलावू." त्यावर लगेच अंगठे. मग एका काकूंचा मला वेगळा मेसेज, "मिस्टरांना सांगा ना, विकून टाका म्हणा, आता चार पैसे तरी येतील."

मिस्टरांची नाही हो. माझी आहे. आरसीवर माझं नाव आहे. २०१२ साली माझ्या पगारातून, आधी एफडी मोडून आणि मग घरच्यांशी भांडून घेतली आहे. मिस्टर त्यांच्या स्कूटरवर सुखी आहेत.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की गाडी माझी आहे, चालू आहे, दर रविवारी निघते. पण तेवढ्याने राग गेला नाही, म्हणून इथे लिहिते आहे. इथे सगळे आपलेच, जुन्या गाड्या जपणारे आहात. वस्तू का जपायची हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : होंडा सिटी, पहिली पिढी, १.५ व्हीटेक, २००२ सालची. सिटी भारतात १९९८ मध्ये आली, व्हीटेक इंजिनाची २००० मध्ये. १४९३ सीसी, १०६ हॉर्सपॉवर. त्या काळात मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या जरा वर असलेल्या गाडीत एवढी ताकद म्हणजे काय, हे तेव्हा कॉलेजात असलेल्यांना विचारा. इथे नागपुरात, लक्ष्मीनगरात एक काळी व्हीटेक उभी असायची, आम्ही मैत्रिणी लुना थांबवून बघायचो. २००३ च्या शेवटी नवी सिटी आली तिचं इंजिन ७७ हॉर्सपॉवरचं होतं. ॲव्हरेज चांगलं, जागा भरपूर, लोकांनी धडाधड घेतली. घ्यावीच. पण जुनी व्हीटेक ज्याच्या दारात होती त्याने ती का सोडली नाही, हे मला गाडी हातात आल्यावर कळलं.

आणि ते मला नीट शब्दांत सांगता आलं नव्हतं. ते आमच्या आईंनी सांगितलं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी.

त्यांचा भाऊ छिंदवाड्याला होता. गेला तेव्हा आईंच्या पायाला प्लास्टर होतं, अंत्यदर्शनाला जाता आलं नाही. तेरवीला मी घेऊन निघाले. घरात दुसरी गाडी होती, पण ती नेमकी मुलाने नेली होती, म्हणून सिटी. आई पुढे बसल्या. या गाडीला त्यांचा पहिल्यापासून विरोध. खाली बसावं लागते, उठताना गुडघे दुखतात, बाईमाणसाने असला शौक करू नये, सगळं बोलून झालेलं. त्या दिवशी मात्र काहीच बोलत नव्हत्या. सावनेर गेलं, सौंसर गेलं, रामाकोना गेलं, एक शब्द नाही. पदर हातात घट्ट धरून नुसत्या बाहेर बघत होत्या.

सिल्लेवानीचा घाट सुरू झाला. पुढे भरलेला ट्रक, रांगत चाललेला. बराच वेळ त्याच्या मागे राहिले. एके ठिकाणी वळण संपून समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसला. दुसरा गिअर टाकला आणि ॲक्सिलेटर दाबला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजार, साडेचार, पाच हजारांच्या आसपास आला आणि आवाज बदलला. ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको. आधी नुसती घरघर असते, मग एकदम काहीतरी मोकळं होतं आणि गाडी पुढे झेपावते. ट्रक मागे पडला, मी आपली तिसऱ्यात.

आई ताठ बसल्या. "काय झालं वं हे?"

मला वाटलं घाबरल्या. म्हटलं काही नाही आई, हळू घेते. तर म्हणाल्या, "हळू नको घेऊ. हा आवाज कायचा, ते सांग."

मग घाट संपेपर्यंत मी त्यांना व्हीटेक समजावत होते. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा, तो फिरतो तसे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. साध्या इंजिनात उंचवट्याचा आकार एकच, मग गाडी चौकात रांगत असो की घाट चढत असो. व्हीटेकमध्ये दोन आकार. हळू चालताना बेताचा उंचवटा काम करतो, म्हणून गाडी शहरात शहाण्यासारखी चालते. फेरे वाढले की ऑइलच्या दाबाने एक बारकी पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि मोठा उंचवटा काम हातात घेतो. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात, जास्त हवा आत जाते. होंडाच्या इकुओ काजितानी नावाच्या इंजिनिअरच्या टीमने हे बसवलं आणि १९८९ च्या इंटेग्रामध्ये पहिल्यांदा आलं. टर्बो नाही, काही नाही, १.६ लिटरमधून १६० हॉर्सपॉवर.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे चढ आला की आतून दुसरा माणूस उठते आन् खांदा देते."

इतकं नेमकं मला कोणत्याही मासिकात वाचायला मिळालेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. लोक विचारतात, या गाडीत असं काय आहे? माझं उत्तर एकच आहे : ही गाडी मला सगळीच्या सगळी वापरता येते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, साठ-पासष्टच्या वेगाला, कुठलाही नियम न मोडता, तिच्यात जे आहे ते सगळं माझ्या हाताला लागतं. हजार किलोच्या थोडं वर वजन, ॲक्सिलेटर तारेचा, पायाने जेवढं सांगितलं तेवढंच आणि तेव्हाच. बॉनेट खाली, डॅशबोर्ड खाली, पुढचा रस्ता चाकापर्यंत दिसतो. आज पंचवीस लाखांच्या गाड्या घेऊन लोक व्हरायटी चौकात सिग्नलला उभे असतात, त्यातली निम्मी ताकद त्या गाडीच्या आयुष्यात कधी बाहेर येत नाही. समृद्धीवर काढा म्हणतात. काढली होती. ७०१ किलोमीटरचा रस्ता, १२० ची मर्यादा, सरळ, सपाट, उपयोगाचा. मुंबईला लवकर पोचायचं तर उत्तम. पण चालवण्याचा आनंद तिथे नाही, स्टिअरिंग धरून बसून राहायचं फक्त. मला सिल्लेवानी द्या.

बाहेरच्या देशात हाच आनंद स्वस्तात हवा असेल तर माणूस जुनी मझदा एमएक्स-५ घेतो. दोन सीट, उघडं छत, लहान इंजिन, हलकं वजन, मागच्या चाकांना ताकद. १९८९ पासून बनते आहे आणि २०१६ मध्ये दहा लाखावी बनली. काही श्रीमंतांसाठी बनलेली वस्तू नव्हे ती, शिक्षक-नर्स-कारकून चालवतात. आपल्याकडे ती कधी विकायलाच आली नाही. मग आपण काय करायचं? आपण जे आलं त्यातून शोधलं. कोणी फियाटची पॅलिओ १.६ शोधली, कोणी फोर्डची आयकॉन १.६, आणि आमच्यासारख्यांनी व्हीटेक. चार दारं आहेत, मागे डिकी आहे, कागदावर ही स्पोर्ट्स कार नाही, बरं. कागद घाटात घेऊन जा आणि मग बोला.

हो, एअरबॅग नाहीत. नव्या गाड्या जास्त सुरक्षित आहेत, हे मी नाकारत नाही. म्हणून लांबच्या रात्रीच्या प्रवासाला मी ती काढत नाही. ॲव्हरेज शहरात दहा-अकरा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की दुपारी एसी हात टेकतो, म्हणून दुपारी काढतच नाही. पुरे?

पण "भंगार" हा शब्द मी ऐकून घेणार नाही. भंगार म्हणजे जिचं कोणी बघत नाही ती. माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदललेला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागलं तेव्हा मी जुने रबरी पाइप आपणहून बदलून घेतले, गळायची वाट बघितली नाही. पीयूसी आहे. विमा आहे. नवी नंबर प्लेट लावून झाली, ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या गृहस्थांच्या गाडीला अजून जुनीच आहे. पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, मग पाच वर्षांनी २०२२ मध्ये पुन्हा केलं, तेव्हा फी पाच हजार झालेली होती. आता वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार केली आहे. २०२७ मध्ये तेही भरीन, वर पर्यावरण कर भरीन, आरटीओत गाडी उभी करून फिटनेस करून घेईन. दिल्लीसारखी इथे वयाची बंदी नाही, तपासणीत पास झाली की गाडी रस्त्यावर. नियम असाच हवा. गाडी कशी आहे ते बघा, जन्मसाल काय बघता?

एका शोरूममध्ये मुलाच्या गाडीसाठी गेलो होतो तेव्हा तिथल्या पोराने बॉनेटही न उघडता सांगितलं, "मॅडम, ही स्क्रॅपमध्येच जाईल." गाडी चालू होती तेव्हा. इंजिन असं शांत की चावी फिरवलेली आहे हे त्याला कळलं नव्हतं. त्याच्याशी वाद घातला नाही, पण अजून टोचतं.

गणेशपेठेतले आमचे मिस्त्री मात्र बॉनेट आधी उघडतात. हात पुसतात, इंजिनवर तळवा ठेवून काही क्षण उभे राहतात, मग म्हणतात, "ताई, इंजिनाले हात लावाचं काम नाही. फक्त डिस्ट्रिब्युटरची कॅप साफ करून देतो." त्यांच्याकडे मी प्रत्येक वेळी शेजारी स्टूल घेऊन बसते. प्लग काढून माझ्या हातात देतात, टोकाचा रंग बघायला सांगतात. विटकरी-तपकिरी असला तर मिश्रण बरोबर, काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जाते. पन्नाशीला आलेली बाई त्यांना हे विचारते याचं त्यांना कधी नवल वाटलं नाही. ते ग्रुपवाल्यांना वाटतं. "मिस्टरांना सांगा." का? मिस्टरांना प्लग कुठे असतो ते माहीत नाही, आणि ते बिचारे तसं सांगतातही. गाडी आवडणं हे पुरुषांच्या नावावर कोणी करून दिलं?

आई त्या दिवशी उमरानाल्याला चहाला थांबल्यावर बोलल्या. इतक्या वर्षांत एकदाही न सांगितलेलं. त्यांच्या लग्नाआधी मामांकडे, म्हणजे याच भावाकडे, राजदूत मोटरसायकल होती. मामा बहिणीला मागे बसवून याच घाटातून सौंसरला न्यायचे, मोठ्या घरच्यांना न सांगता. चढावर गिअर खाली टाकायचे आणि ओरडून सांगायचे, "ऐक आता!" आईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मले वाटलं तोच आला." मग रडल्या. फोन आला त्या दिवसापासून रडल्या नव्हत्या. मी काही बोलले नाही, टपरीवाल्याने पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

तेव्हापासून गुडघ्यांची तक्रार बंद झाली असं नाही. अजूनही बसताना "अगं आई" करतात. पण रविवारी सकाळी मी चावी हातात घेतली की विचारतात, "तिले कुठं नेतेस?" आणि बरेचदा स्वतःच येऊन बसतात. काटोल रोडला जरा मोकळं मिळालं की हाताने खूण करतात, टाक खाली गिअर. आज फोटो दाखवला तर चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, "कव्हर नीट बांध वं. लोकाईले काही दिसू देऊ नको."

थोडं शांत झाल्यावर एक गोष्ट मान्य करते, पार्किंगची अडचण खरी आहे. आमच्याकडे घरटी एकच जागा आहे आणि माझी दुसरी गाडी मी गेल्या वर्षीपासून बाहेर, रस्त्यापलीकडच्या प्लॉटवर भाडं देऊन लावते. म्हणजे सिटी ज्या जागेवर उभी आहे ती माझ्याच नावाची जागा आहे. ग्रुपवर कोणी हे विचारलं नाही, थेट भंगारवाला काढला. उद्या सेक्रेटरींना पार्किंगचं वाटपपत्र नेऊन दाखवणार आहे आणि ग्रुपवरची ती पोस्ट काढायला सांगणार आहे. कोणाला शंका असेल त्याने रविवारी सकाळी सहाला खाली यावं. पुढची सीट आईंची, पण मागे जागा आहे.

आणि कामाचं : याच मॉडेलचा उजव्या बाजूचा मागचा दिवा हवा आहे, मूळ कंपनीचा, काच न तडकलेली. नागपूर, अमरावती, रायपूर, कुठेही चालेल, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. कोणाच्या ओळखीत असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.