भाव चेहऱ्यावर शोधणाऱ्यांसाठी

फिनलंडचा संगीतकार सिबेलिअस याच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचं (ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्या व्हायोलिनने वाजवायची रचना) व्हायोलिनवादक याशा हायफेट्झने 1935 साली केलेलं रेकॉर्डिंग मला किती आवडतं, ते मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिता: ‘लेख वाचून हसू आलं. हायफेट्झच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही, तिथे भाव कुठला? नुसती बोटांची कसरत. तुमच्यासारखे लोक वेगालाच संगीत समजतात. त्यापेक्षा (व्हायोलिनवादक) ऑइस्त्राख ऐका. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये ऑर्केस्ट्रा धड ऐकूही येत नाही.’

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ते मला मान्य आहे. कंडक्टर थॉमस बीचम आणि लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राची साथ त्या जुन्या ध्वनिमुद्रणात दबलेली वाटते. ज्यांना ऑर्केस्ट्रा स्वच्छ ऐकायचा असेल त्यांनी हायफेट्झचंच शिकागो सिंफनीबरोबरचं 1959 चं रेकॉर्डिंग ऐकावं.

आता ‘हसू आलं’बद्दल. मतभेद असू शकतो, त्याला माझी हरकत नाही. पण कुणी मन लावून लिहिलेलं वाचून पहिला शब्द ‘हसू’ लिहायचा, आणि पुढे ‘तुमच्यासारखे लोक’ म्हणायचं, ही कुठली रीत? आपण मला ओळखत नाही. मी काय ऐकते, किती ऐकते, काही माहीत नसताना मला एका गटात ढकलून मोकळे झालात.

आणि आधार कसला, तर चेहरा! मी लिहिलं ते ध्वनिमुद्रणावर. त्यात चेहरा दिसतो का? तुम्ही हायफेट्झच्या चित्रफिती पाहिल्या असणार आणि तिथला निर्विकार चेहरा मनात धरून हे ऐकलं असणार. हायफेट्झ थंड आहे, ही तक्रार तो जिवंत असल्यापासून चालू आहे. ती पुन्हा उगाळायला कान लागत नाहीत.

मी लहानपणापासून व्हायोलिन शिकले. मैफली करण्याइतकी नाही, पण या कॉन्चेर्टोच्या तिसऱ्या मूव्हमेंटशी, म्हणजे भागाशी, झटापट करण्याइतकी नक्कीच. त्यात थर्ड्सच्या जागा येतात: दोन तारांवर दोन बोटं, आणि ही जोडी धरून वर चढत जायचं. जसजसं वर जावं तसतसं स्वरांमधलं अंतर कमी होत जातं, आणि बोट केसभर सरकलं तरी स्वर बेसूर. त्या जागांवर माझे दात आवळले जायचे. व्हायोलिन हनुवटी आणि खांद्याच्या मध्ये धरलेलं असतं. जबडा आवळला की मान ताठते, मग खांदा, मग डावा हात, आणि व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून स्वराला दिलेला कंप, आखडतो. ज्यांनी हे वाद्य हातात धरलंय त्यांना विचारा. हायफेट्झचा तो शांत चेहरा हा कोरडेपणा नाही. अंगात कुठेही ताण अडकू न देण्याची ती शिस्त आहे. जे काही वाटतं ते सगळं हातात उतरतं, म्हणून चेहऱ्यावर उरत नाही.

आणि ते हातात उतरलेलं ऐकायचं असेल तर दुसरी मूव्हमेंट लावा. अदाजिओ दी मोल्तो, अगदी संथ, म्हणजे वेगाचा प्रश्नच मिटला. क्लॅरिनेट आणि ओबो सुरुवात करून देतात आणि मग व्हायोलिन सगळ्यात खालच्या जी तारेवर येतं. त्या जाड तारेवर लांब ओळ ओढायची तर बो (गज) कुठे जड ठेवायचा, कुठे उचलून धरायचा, याचा हिशेब सतत चुकतो. इथे हायफेट्झचा व्हायब्रेटो अरुंद आणि जलद आहे, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना बोट क्षणभर तारेवरून सरकत जातं, तेवढ्यात स्वर कळवळतो. या जागी माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं. बोटांच्या कसरतीने डोळ्यांत पाणी येत नाही हो!

सिबेलिअसला स्वतःला व्हायोलिनवादक व्हायचं होतं. 1891 मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या चाचणीत त्याची निवड झाली नाही. पुढे हेलसिंकीत 1904 साली या कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग फसला, त्याने तो परत लिहून काढला आणि 1905 मध्ये बर्लिनमध्ये नव्या रूपात सादर झाला. एवढं सोसून लिहिलेल्या रचनेत अवघड जागा दिखाव्यासाठी घातल्या असतील, असं मला वाटत नाही, आणि हायफेट्झ त्या दिखाव्यासाठी वाजवतही नाही.

ऑइस्त्राखही मला आवडतो. एकाला मोठं म्हणायला दुसऱ्याला खाली ओढावं लागत नाही, त्यामुळे त्या मुद्द्यावर बोलण्यासारखं काही नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त कुठल्या मूव्हमेंटमध्ये, कुठल्या जागी भाव हरवला ते नेमकं सांगा. मी ती जागा परत ऐकून उत्तर देईन. नुसतं ‘हसू आलं’ असेल, तर उत्तराची वाट पाहू नका.