ठेव कुठली, कर्ज कुठले : एका प्रतिक्रियेला उत्तर

बचत बँकांवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले चार आक्षेप आहेत. स्कॉटलंडमधल्या रुथवेल गावची बचत बँक जगातली पहिली नव्हे. तिच्या संस्थापकाला मी जवळजवळ संतपदाला नेऊन बसवले. या बँकांमधल्या अफरातफरींबद्दल अवाक्षर काढले नाही. आणि मुळात एका टापूपुरती बँक ही कल्पनाच भाबडी असून अशी प्रत्येक बँक शेवटी मोठ्या बँकेच्या पोटात जाते. पहिले तीन आक्षेप मला बहुतांशी मान्य आहेत. चौथा या शब्दांत मान्य नाही.

पहिलेपणाबद्दल आपलेच बरोबर आहे. हॅम्बुर्गमध्ये १७७८ सालीच बचतपेढी सुरू झाली होती. रुथवेलची १८१०ची. ‘पहिली’ हा शब्द मी मूळ लेखातून काढला आहे.

रुथवेलच्या बँकेचे संस्थापक, धर्मोपदेशक रेव्हरंड हेन्री डंकन यांच्याविषयी मात्र थोडे थांबावे लागेल. इतर बँका दहा पौंडांखालची रक्कम ठेव म्हणून घेत नसत, तिथे डंकन यांनी सहा पेन्सवर खाते उघडून दिले. माझा लेख या गोष्टीवर भाळला, हे खरे. गरिबांसाठी सक्तीचा कर बसवण्याला त्यांचा विरोध होता आणि गरिबांनी स्वतःच चार पैसे बाजूला टाकले तर त्या कराची गरज उरणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. खाते उघडणाऱ्याचे वय, कुटुंब आणि वर्तणूक यांची चौकशी करण्याची तरतूदही त्यांच्या नियमांत होती. याला आपण ‘उपकाराच्या आडून पाळत’ म्हणता. मी तो शब्द वापरला नसता, पण खोडणारही नाही. तरीही त्या बँकेची पेटी विसरता येत नाही. तिला तीन वेगवेगळी कुलपे होती आणि किल्ल्या तिघांकडे असत, म्हणजे तिघे एकत्र आल्याखेरीज ती उघडायचीच नाही. जो मनुष्य गरिबांच्या वर्तणुकीची चौकशी करत होता, त्याने प्रतिष्ठितांच्या सचोटीवरही विसंबायचे नाही असे ठरवले होते, एवढे श्रेय मी त्याला देतो.

पुढच्या पिढ्यांनी ती तीन कुलपे कागदावर ठेवली आणि व्यवहारात काढून टाकली. आपण सुचवलेली इंग्लंडमधल्या रॉचडेलची अफरातफर १८४९ची. तिथे बँकेचा व्यवस्थापकच ठेवीदारांचे पैसे खात होता. मला त्याहून बोलका वाटतो तो वेल्समधल्या कार्डिफचा खटला. त्या बचत बँकेतला घोटाळा १८८६ मध्ये उघडकीस आला. बँकेचे अध्यक्ष होते ब्यूटचे मार्क्विस, म्हणजे एक मोठे सरदार. हे पद त्यांच्याकडे वडिलांच्या निधनानंतर, वयाच्या सहाव्या महिन्यात आले होते! सज्ञान झाल्यावर ते विश्वस्तांच्या एकाच बैठकीला हजर राहिले, १८६९ मध्ये. न्यायालयाने १८९२ साली त्यांना जबाबदार धरले नाही. ज्याला काही माहीतच नव्हते त्याच्यावर दोष कसा ठेवायचा, असा एकूण सूर होता. विश्वस्त बिनपगारी, मानाचे आणि नावापुरते. सगळा कारभार एका पगारी माणसाच्या हाती. हे लेखात यायलाच हवे होते.

आता चौथा मुद्दा. या बँका लहान होत्या म्हणून गिळल्या गेल्या, असे आपण म्हणता. माझ्या मते प्रश्न आकाराचा नाही. गावातल्या ठेवींचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये १८१७च्या कायद्याने बचत बँकांनी जमवलेला पैसा राष्ट्रीय कर्जाच्या आयुक्तांकडे भरायचा, असे ठरले. त्यावर सरकार व्याज देई आणि त्यातून ठेवीदारांना व्याज मिळे. ठेव सुरक्षित राहिली, पण बँक गावची म्हणजे केवळ जमा करण्यापुरती गावची उरली. गवंड्याला घरासाठी किंवा दुकानदाराला मालासाठी कर्ज द्यायचे की नाही, हा प्रश्न विश्वस्तांपुढे आलाच नाही. ज्या टेबलावर कसलाही निर्णय व्हायचा नाही तिथे माणसे कशाला येतील? कार्डिफच्या अध्यक्षांची गैरहजेरी मला केवळ आळशीपणा वाटत नाही, ती या रचनेतूनच आलेली आहे. पुढे १८६१ मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी टपाल खात्याची बचत बँक काढली, तेव्हा जमा करण्याचे तेच काम सरकारी हमीसह टपाल कचेरीत होऊ लागले. सामान्य खातेदाराला कर्ज देण्याची मोकळीक या बँकांना मिळाली ती १९७६च्या कायद्यानंतर. तोवर विलीनीकरणाचा सपाटा सुरू झाला होता. १९८६ मध्ये या विलीनीकरणातून झालेल्या एकत्रित बँकेचे समभाग विक्रीला निघाले, तेव्हा काही ठेवीदार न्यायालयात गेले. शिलकी मालमत्तेवर त्यांचा हक्क नाही, मुद्दल आणि व्याज एवढेच त्यांचे, असा निकाल लागला. ठेवीदार मालक नव्हते आणि विश्वस्तही नव्हते. विक्रीतून आलेला पैसा बँकेच्याच तिजोरीत गेला आणि १९९५ मध्ये ती तिजोरी लॉइड्स बँकेशी जोडली गेली.

याच्याशेजारी जर्मनी ठेवून पाहा. प्रशियाच्या १८३८च्या नियमावलीने तिथल्या बचतपेढ्यांना नगरपालिकांच्या छायेखाली बसवले आणि ठेवींतून घरजमिनीच्या तारणावर कर्जे देता येतील अशी वाट ठेवली. म्हणजे एका गल्लीतली ठेव दुसऱ्या गल्लीतल्या घराच्या पायात गेली आणि ते घर कर्ज देणाऱ्याच्या रोजच्या डोळ्यांपुढे राहिले. ज्या नगरपालिकेची वा जिल्ह्याची पेढी, त्याच हद्दीत तिचा व्यवसाय, हे तत्त्व तिथे आजही पाळले जाते. सरकारी हमी २००५ मध्ये गेली, तरी तीनशेहून अधिक पेढ्या उभ्या आहेत. सगळे आलबेल होते असे नव्हे. पेढ्यांच्या प्रादेशिक शिखर बँकांपैकी एक असलेली वेस्टएलबी दूरदेशीच्या व्यवहारांत अडकली आणि २०१२ मध्ये तिचे तुकडे करावे लागले. पेढ्यांवर राजकारण्यांची मर्जी चालते ही तक्रारही जुनीच आहे.

आपण दिलेले स्पेनचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. तिथल्या बचत बँकांना १९८८ पासून आपल्या प्रांताबाहेर शाखा काढण्याची मुभा मिळाली. मग अनोळखी शहरांतल्या बांधकाम व्यावसायिकांना त्यांनी सढळ हाताने कर्जे दिली. सात बचत बँका एकत्र करून बनलेली बँकिया २०१२ मध्ये सरकारला ताब्यात घ्यावी लागली. तिच्यावर सुमारे २२ अब्ज युरो खर्च झाले. २०१०च्या सुमारास जिथे पंचेचाळीस बचत बँका होत्या, तिथे जुन्या स्वरूपात आज दोनच उरल्या आहेत, ओंतिन्येंत आणि पोयेन्सा या गावांच्या. मोठे होऊन बुडालेल्यांच्या यादीत या दोन लहान बँका नाहीत, याकडे आपले लक्ष वेधतो.

एक उदाहरण मात्र माझ्या मांडणीत बसत नाही. ग्लासगोजवळच्या एअर्ड्री गावची बचत बँक १८३५ची. ती विलीनीकरणात गेली नाही, १९८६च्या विक्रीतही ती सामील झाली नाही, आणि आधुनिक काळात आपल्याच टापूत घरकर्जेही दिली. तरीही २०१७ मध्ये तिने दारे बंद केली. तिला कोणी गिळले नाही, कोणी लुटलेही नाही. नियमपालनाचा आणि संगणकप्रणालीचा खर्च, तळाला गेलेले व्याजदर आणि शाखेत न येणारी गिऱ्हाइके, एवढ्यानेच ती थांबली. इथे आपले म्हणणे माझ्या म्हणण्यापेक्षा सरस ठरते, आणि लेखाच्या पुढच्या भागात मी एअर्ड्रीपासूनच सुरुवात करणार आहे.